हौशीरामचे तीन ठोके

हौशीराम कोळप्यानं जन्मात एकदाच कुणावर हात उचलला, आणि तोही अशा पोरावर, ज्यानं त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. उलट ते पोरगं त्याला गुरू मानत होतं. हात उचलला म्हणजे एखादी चापट मारली असं समजू नका. मी तिथं होतो. पोराचे दोन दात बेंजोच्या बटणांवर पडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

सन दोन हजारचा फेब्रुवारी होता. शिरूरला मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यानं एका लग्नाचा परण्या चालला होता. लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो तो परण्या. पोरांना नाचायची खरी मुभा तेव्हाच. हौशीराम आणि मी त्या दिवशी पाहुणे म्हणून गेलो होतो. वाजवायला दौंडकडची पार्टी होती, आणि टेम्पोत बेंजोवर वीस-एकवीस वर्षांचं एक शिडशिडीत पोरगं बसलं होतं. वाजवत मात्र झकास होतं. दोन गाणी झाली आणि मग त्यानं ते गाणं धरलं. नाव मी घेत नाही. माझ्या घरात ते गाणं लागत नाही. टीव्हीवर लागलं तर मी टीव्ही बंद करतो, आणि बायको म्हणते, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी पोरानं दोन्ही हात वर उचलले. बेंजो बंद. तीन ठोके नुसता ढोल-ताशा वाजला, आणि चौथ्या ठोक्याला बेंजो आला तो एकदम वरच्या पट्टीत, किंचाळल्यासारखा. गर्दीनं शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, “हौशीरामची जागा! आरं, उस्ताद हितंच हायेत की!” पोरानं आमच्याकडं बघून हसत मान झुकवली.

हौशीरामच्या हातात चहाचा कप होता. तो त्यानं वाकून नीट कडेला ठेवला. मग तो टेम्पोवर चढला, पोराची कॉलर धरली आणि पहिलीच बुक्की अशी मारली की नाकाचं हाड मोडल्याचा आवाज ढोलवाल्यालाही ऐकू गेला. पोरगं हसतच होतं, त्याला कळलंच नाही. दुसऱ्या बुक्कीला ते मागं पडलं. मग हौशीरामनं मांडीवरचा बेंजो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. एकदा नाही, तीनदा. तारा तटातट तुटल्या. आणि प्रत्येक वेळी तो एकच ओरडत होता, “ते वाजवायचं न्हाई! ते वाजवायचं न्हाई!”

नंतर लोकांनी आम्हा दोघांना तुडवलं. माझा काडीचा संबंध नव्हता, पण गर्दी चौकशी करून मारत नाही. बरगडीत कळ घेऊन मी घरी आलो. सगळ्या तालुक्यात एकच बोलबाला झाला: कलावंत कलावंताचा वैरी, नवा पोरगा आपल्यापुढं जाईल म्हणून हौशीरामला पोटशूळ उठला. मी कुणाचंही म्हणणं खोडून काढलं नाही. खरं काय ते मला निम्मंच माहीत होतं, आणि ते निम्मं मी दोन वर्षं गिळून बसलो होतो.

आता पहिल्यापासून सांगतो.

हौशीरामचा बाप मेंढरं घेऊन कोकणच्या अंगाला उतरायचा. हौशीरामच्या वेळेपर्यंत मेंढरं गेली होती. कारेगावात चार पत्र्यांचं घर झालं आणि रांजणगावच्या एका कंपनीत हेल्परची नोकरी लागली. बेंजो त्याला कुणी शिकवला नाही. चहाच्या टपरीवर नवं गाणं तीनदा ऐकलं की चौथ्यांदा ते त्याच्या बोटांतून यायचं. डावा हात बटणांवर, उजव्या हातात तारा छेडायची प्लॅस्टिकची पट्टी, आणि नजर कायम समोर, नाचणाऱ्यांवर. बटणांकडं तो कधी बघायचा नाही. “मान्सं कशी नाचत्यात ते बघून वाजवायचं असतंय, ज्ञानू,” तो मला म्हणायचा. ज्ञानू म्हणजे मी. पार्टीत मी खुळखुळा वाजवायचो. मला तालाचं ज्ञान नव्हतं म्हणून मला खुळखुळा दिला होता, हे मी मोकळेपणानं सांगतो.

आमची पार्टी म्हणजे गाजलेली गाणी आपल्या पद्धतीनं वाजवणारी पार्टी. स्वतःचं असं एक गाणं आम्ही कधी केलं नाही. पण हौशीरामच्या हातातून निघालेलं गाणं लोकांना मूळ गाण्यापेक्षा आवडायचं. आणि पार्टीचा एक नियम होता, तोही हौशीरामचाच. परण्यात भांडण लागलं तर वाजवायचं थांबायचं नाही. “वाजाप थांबलं की लोकांना नुसतं भांडणच उरतंय,” तो म्हणायचा. “वाजवत ऱ्हायलं तर धा जणांतले आठ परत नाचाय लागत्यात.” चाळीस-पन्नास लग्नांत हा नियम खरा ठरला होता. बाटल्या फुटल्या, डोकी फुटली, आम्ही वाजवत राहिलो, आणि पाच मिनिटांत तीच पोरं एकमेकांच्या गळ्यात हात घालून नाचली.

शिरूरला हरिबाचं कॅसेटचं दुकान होतं. हरिबाला वाटलं, हौशीरामची गाणी स्टुडिओत नाही, परण्यातच रेकॉर्ड करावीत. खरी गर्मी तिथंच. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात तो टेपडेक घेऊन आमच्या टेम्पोत बसला. वायर सरळ मिक्सरमध्ये खोचली. म्हणजे कॅसेटवर फक्त वाद्यांचा आवाज येणार, गर्दीचा नाही. हे लक्षात ठेवा.

लग्न भीमेच्या काठी, दौंड तालुक्यातल्या एका गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथं माणसं राहतात, त्यांना लेकी द्यायच्या-घ्यायच्या असतात. नवरदेव आमच्या कारेगावचा. त्याच्याबरोबर कंपनीतली सगळी गँग, आणि गँगच्या पुढं पप्पू.

पप्पू हौशीरामच्या शेजारच्या घरातला. तेवीस वर्षांचा, म्हाळसाआक्काचा एकुलता एक. नवे पांढरे स्पोर्ट शूज घालून आला होता आणि ते खराब होऊ नयेत म्हणून चिखल चुकवत नाचत होता. ते गाणं त्यानं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा गावातला सत्यजीत टेम्पोजवळ आला. सोसायटीचे चेअरमन हौसराव आप्पा, त्यांचा हा मुलगा. त्याला त्याचं गाणं हवं होतं.

“दादा,” हौशीराम वाजवता वाजवता म्हणाला, “मारुतीपतूर नवरदेवाची मान्सं सांगतील ते. रीत हाय. माघारी येताना तुमी म्हनाल ते वाजवतो.”

पप्पू हसला आणि हातातला रुमाल सत्यजीतच्या तोंडासमोर नाचवत म्हणाला, “माघारी या, दादा, माघारी!”

सत्यजीतनं त्याच्या मुस्काटात मारली. पप्पूनंही मारली. तिथं सत्यजीतचं सगळं गाव उभं होतं. एवढंच झालं. माणूस मरायला एवढं पुरतं.

पहिली मुस्काटात बसली तेव्हाच मी खुळखुळ्यासकट टेम्पोखाली गेलो. लाज वाटते, पण गेलो. तिथून मला फक्त पाय दिसत होते. पन्नास-साठ पायांत पांढरे शूज ओळखू येत होते. वर हौशीराम वाजवत होता. मग बेंजो बंद पडला. एक, दोन, तीन ठोके. मग तो आला, वरच्या पट्टीत, एवढ्या जोरात की टेम्पोचा पत्रा थरथरला. त्याच क्षणी पांढरे शूज वाकडे झाले. पप्पू पडला तो माझ्यापासून चार हातांवर. त्याचं तोंड माझ्याकडं होतं. दुसरा घाव मी पाहिला, तिसराही पाहिला, पण मारणारा कोण ते दिसलं नाही, फक्त लोखंड वरून खाली येताना दिसलं. कवटी फुटते तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. पप्पूचा एक पाय मातीत घासत राहिला, त्या पांढऱ्या शूजनं तिथं एक खळगा पाडला, आणि मग तो पाय थांबला. तरी बेंजो चालूच होता. जो ओरडला असेल त्याचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. मागं नाचणारी पोरं पुढचं कडवं संपेपर्यंत नाचत होती.

मग ते लोखंड टेम्पोखाली घरंगळत आलं. माझ्या नाकासमोर थांबलं. आमचाच जनरेटर चालू करायचं हँडल होतं ते. त्याला केस चिकटले होते.

पोलिसांनी सगळ्यांना विचारलं. गावातल्या कुणी काही पाहिलं नव्हतं. नवरदेवाच्या माणसांपैकी दोघांनी सत्यजीतचं नाव घेतलं, पण ते मागं होते आणि त्यांचं एकमेकांशी जुळेना. तेवढ्यावर सत्यजीत आणि त्याच्या चार साथीदारांवर केस उभी राहिली. हौशीराम टेम्पोवर उंच बसला होता, अगदी समोर. तो म्हणाला, “माझी मान खाली व्हती, साहेब. बटनांवर नजर व्हती. मी काय बगितलं न्हाई.”

मी तिथंच उभा होतो. जो माणूस दहा वर्षांत कधी बटणांकडं बघत नव्हता, तो हे सांगत होता. मी गप्प बसलो. मला विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं की मी टेम्पोखाली होतो, पण खुळखुळेवाल्याला कोण विचारतो!

आणि हरिबा? त्यानं डेकमधली कॅसेट काढून खिशात घातली होती. पोलिसांना तिचं भान नव्हतं. दिवाळीला ती बाजारात आली. मी दुकानात जाऊन त्याला शिव्या घातल्या. तो म्हणाला, “आवाज काय आलाय तो ऐक की. मानसाचा एक शब्द न्हाई त्यात. आन् बेंजो थांबून वर जातो ती जागा! हौशीरामनं आक्षेप घेतला न्हाई, मग तू कोण?” खरंच होतं. हौशीरामनं आक्षेप घेतला नाही. घेतला असता तर का घेतो ते सांगावं लागलं असतं.

कॅसेट अशी खपली की हरिबानं दुकानाला पाटी नवी लावली. तालुक्यातल्या सगळ्या पार्ट्या त्या कॅसेटवरून गाणं बसवायला लागल्या. मूळ गाण्यात ते तीन ठोके नव्हते, कुठंच नव्हते. ते त्या दिवशीचे होते. पण पोरांना वाटलं, ही उस्तादाची करामत. त्यांनी ती जशीच्या तशी उचलली. पुढच्या लग्नसराईत शिरूर ते दौंड कुठल्याही गावात जा, परण्यात ते गाणं वाजायचं, दुसऱ्या कडव्याच्या शेवटी बेंजो थांबायचा, तीन ठोके पडायचे आणि पोरं शिट्ट्या मारायची. हौशीरामनं वाजवणं सोडलं होतं, हात दुखतो म्हणून. पण कानात बोळे घालून माणूस किती फिरणार? शिरूरच्या परण्यातल्या त्या पोराचा गुन्हा एवढाच, की त्यानं ते फार चांगलं वाजवलं.

शिरूरच्या मारामारीनंतर चार दिवसांनी म्हाळसाआक्का माझ्या दारात आली. उंच, हाडकुळी बाई. पप्पू गेल्यापासून कुणाकडं येत-जात नव्हती.

“ज्ञानू, ती कॅसेट हाय का तुझ्याकडं?”

“कुठली, आक्का?”

“ज्याच्यापायी हौशीरामनं पोराचं दात पाडलं ती.”

माझ्याकडं होती. का ठेवली होती मला विचारू नका. तिनं ती लावायला सांगितली. तिचा नवरा जिवंत होता तेव्हा बिरोबाच्या जत्रेत धनगरांच्या गजी नाचाला ढोल धरायचा. ताल तिच्या अंगात होता, माझ्यासारखा उसना नव्हता. ती भिंतीला टेकून बसली आणि गुडघ्यावर बोटांनी ठोके धरले. ते गाणं आलं. दुसरं कडवं संपलं. एक, दोन, तीन. तिची बोटं थांबली.

“परत लाव.”

चारदा लावायला लावलं. मग उठली आणि थेट हौशीरामच्या घरी गेली. मी मागं गेलो. हौशीरामची बायको सुषमा भाकरी थापत होती, तो ओसरीवर बसला होता.

“हौशीराम,” आक्का उभ्याउभ्या म्हणाली, “त्या तीन ठोक्यांत तू काय करत व्हतास?”

त्यानं वर पाहिलं नाही. “तार तुटली व्हती, आक्का.”

“तार तुटल्यावर चवथ्या ठोक्याला वाजली कशी?”

त्यानं शेजारचा तांब्या उगीच सरकवला.

“तुझी बटनांवर नजर व्हती न्हवं? मग हात का थांबलं? माझ्या लेकराला मारलं तवा तुझं हात थांबलं. म्हंजी तू बगितलंस.”

“आक्का, माझी पोरं-बाळं हायेत.”

“मला बी व्हतं एक,” ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून ती रोज यायची. सकाळी पाण्याला जाताना त्याच्या दारात थांबायची, तोच प्रश्न विचारायची आणि जायची. ओरडायची नाही, शिव्या द्यायची नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हौशीराम वाळत चालला. सुषमा मला म्हणायची, “भावजी, ह्यांना कुठंतरी लांब न्या.” कुठं नेणार?

असं सव्वा वर्ष चाललं. दोन हजार एकच्या जूनमध्ये कोर्टाचं समन्स आलं. हौशीरामला पुण्याला साक्षीला बोलावलं होतं. ते आल्याच्या तिसऱ्या दिवशी हौसराव आप्पा स्वतः जीप घेऊन कारेगावात आले. चहा प्याले, पोरांच्या शाळेची चौकशी केली आणि हौशीरामचा डावा हात आपल्या हातात घेऊन म्हणाले, “कलावंत मानूस तू. हात जप. आधी जे सांगितलंस तेच कोर्टात सांग, म्हंजी झालं.” हौशीराम म्हणाला, “व्हय, आप्पा.” त्याचं उत्तर मी दारातून ऐकलं आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

पण म्हाळसाआक्का रोज त्याच्या दारात उभी राहते ही बातमी त्या गावाला पोचली होती. आप्पांना त्या ‘व्हय’चा भरवसा वाटला नाही.

जुलैची चार तारीख. आम्हा दोघांची पहिली पाळी सुटली होती, उन्हं चांगली वर होती. हौशीरामच्या एम-एटीवर मी मागं बसलो होतो. कंपन्यांचा रस्ता संपून कारेगावचा कच्चा रस्ता लागतो, तिथं एक जीप आडवी उभी होती. पाच जण उतरले. एकानं मला मानेला धरून बाभळीच्या काट्यांत दाबलं. काटे गालात गेले. या वेळी मी टेम्पोखाली नव्हतो. मला सगळं पाहायला लागलं.

त्यांनी हौशीरामला गुडघ्यावर बसवलं. डावा हात ओढून गाडीच्या मागच्या कॅरिअरवर ठेवला. एकजण मनगटावर बसला. दुसऱ्याच्या हातात टेम्पोच्या चाकाचा पाना होता. “आप्पांनी सांगितलं व्हतं न्हवं, हात जप म्हणून?” आणि पाना आला. पहिला घाव करंगळीवर. हौशीराम असा ओरडला की माळावरची कुत्री भुंकायला लागली. दुसरा, तिसरा, चौथा. कॅरिअरच्या गजांमध्ये बोटं अडकून चेंगरली होती, कातडी फाटून पांढरं हाड वर आलं होतं. तरी पानेवाला पाचवा घाव घालणार होता, अंगठ्यावर. तेवढ्यात कंपनीची बस आली म्हणून ते पळाले.

मी उठलो. गालातले काटे उपटायचं सुचलं नाही. हौशीराम आपल्या हाताकडं बघत बसला होता. तोंडातून लाळ गळत होती. मी त्याला बसमध्ये घातलं.

डॉक्टरांनी चारही बोटं जोडली, पण ती वाकडीच जुळली. मूठ वळेना की उघडेना. दहाव्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर बसून प्लॅस्टरकडं बघत होता. मला वाटलं रडत असेल. तो हसत होता, आणि ते हसणं मला आवडलं नाही.

“ज्ञानू, लय येडी मान्सं हायेत ती.”

“का रं?”

“मला भ्या कशाचं व्हतं? ह्याचंच,” त्यानं प्लॅस्टर वर केलं. “वाजवणं सोडलं व्हतं, पर रोज सपनात वाजवायचो. म्हनायचो, हे सगळं मिटंल, परत बेंजो घीन. आता काय? ज्याचं भ्या घालायचं तेच त्यांनी मोडलं. आता म्या कशापायी गप बसू?”

“सुषमाचा इचार कर. पोरांचा कर.”

“केला. तिला माह्यारी धाडतोय.”

मला राग आला. माणसाला शहाणपण यायचं तर आधी यावं. बोटं गेल्यावर येऊन काय उपयोग? मी त्याला तसं तोंडावर म्हणालो. तो म्हणाला, “बरोबर हाय तुझं.” अशा माणसाशी भांडताही येत नाही.

पुण्याच्या कोर्टात मी त्याच्याबरोबर गेलो. म्हाळसाआक्का मागच्या बाकावर बसली होती. सत्यजीत पिंजऱ्यात पांढरा शर्ट घालून उभा. आरोपीचा वकील मोठा गोड बोलणारा होता.

“हौशीराम, पोलिसांना तुम्ही सांगितलंत, मान खाली होती, काही पाहिलं नाही. बरोबर?”

“सांगितलं व्हतं.”

“मग आज एकदम कसं दिसायला लागलं?”

“दिसत तवा बी व्हतं. म्या खोटं बोललो.”

“पप्पूच्या आईनं तुम्हाला शिकवलं ना?”

“आईनं फकस्त इचारलं. तीन ठोक्यांत काय करत व्हतास म्हणून.” आणि तो न्यायाधीशांकडं वळला. “साहेब, त्येच सांगायला आलोय. जनरेटरचं हँडल टेम्पोत माझ्या पायाखाली असतंय. टेम्पो हिंदकळला की ते घरंगळतंय, म्हणून वाजवताना म्या त्याच्यावर टाच दाबून बसतो. हे सत्यजीतदादा आले. वाकले. माझ्या पायाखाली हात घातला. दादांच्या डोळ्यांत बगितलं आन् मला कळलं, ते कशाला घेत्यात ते. माझी टाच व्हती त्याच्यावर. दाबून धरली असती तर निघालं नसतं.”



“मग?” वकिलानं विचारलं. त्याला वाटलं असेल, माणूस अडकला.

“मग म्या पाय उचलला.”

“का?”

“चेअरमनचा पोरगा, साहेब. मोठ्या घरची मान्सं वाकून काय मागाय लागली की आमच्या बापानं वाट दिली, आज्यानं दिली. पाय आपसूक उचलला. त्यात तीन ठोके गेले. चवथ्याला दादांनी पप्पूच्या डोक्यात घातलं. आन् म्या वाजवाय लागलो. लय जोरात वाजवलं. त्याचं वरडणं मला ऐकू येऊ नये म्हणून वाजवलं.”

मी डोळे मिटून घेतले. पायाचं मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. जगात ते फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि दुसरा पिंजऱ्यात उभा होता. तो काही सांगणार नव्हता. हौशीरामनं ‘दादांनी मारताना पाहिलं’ एवढं म्हटलं असतं तरी साक्ष पुरी झाली असती. पण आक्कानं विचारलं होतं, तीन ठोक्यांत तू काय करत होतास. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

बाहेर व्हरांड्यात आक्का त्याची वाट बघत उभी होती. तो समोर आला. तिनं पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. मग चप्पल टाकून दोन्ही हातांनी मारायला लागली, छातीवर, डोक्यावर, त्या वाकड्या हातावर. नखांनी त्याचा गाल ओरबाडून रक्त काढलं. वकील, शिपाई सगळे धावले. मी तिला धरायला गेलो तर हौशीरामच म्हणाला, “ऱ्हाऊ दे, ज्ञानू. मारू दे तिला.” ती दमेपर्यंत तो हात खाली सोडून उभा राहिला. दमल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि पप्पू गेल्यानंतर पहिल्यांदा, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला.

सत्यजीतला जन्मठेप झाली. बाकीचे सुटले. बोटं कुणी मोडली ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

आक्का परत कधी हौशीरामच्या दारात थांबली नाही. पाण्याला जायची ती मागच्या वाटेनं. सुषमा वर्षानं परत आली.

हौशीरामला कंपनीनं कमी केलं होतं. शेवटी कारेगावातल्याच नव्या पोरांच्या पार्टीनं त्याला जनरेटर सांभाळायला घेतलं. उजव्या हातानं हँडल मारायचं, बाकी काही काम नाही. पण त्यानं दोन नियम घातले. हाणामारीचं चिन्ह दिसलं की तो जनरेटर बंद करायचा. सगळं वाजाप एकदम ठप्प. आणि म्हाळसाआक्काच्या घराच्या अलीकडं दहा घरं बंद करायचा ते पलीकडं दहा घरं गेल्यावर चालू करायचा. परण्या तेवढा मुका जायचा. एकदा यावरून नवरदेवाच्या मामानं त्याला खाली ओढून लाथांनी तुडवला. तोंडातून रक्त थुंकत तो परत टेम्पोत चढला, पण हँडलला हात लावला नाही. पुढं पुढं लोकांना सवय झाली.

दोन हजार चारचा एप्रिल. आमच्या आळीतल्याच एका पोराचा परण्या होता. मी आता खुळखुळा सोडला होता, नुसता चालत होतो. आक्काचं घर जवळ आलं. हौशीरामनं जनरेटर बंद केला. टाच हँडलवर ठेवून तो खाली मान घालून बसला. घोड्याच्या टापा तेवढ्या ऐकू येत होत्या.

आक्का दारात आली. केस सगळे पांढरे झाले होते. तिनं हात करून टेम्पो थांबवला आणि सरळ हौशीरामपुढं येऊन उभी राहिली. साक्षीच्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

“का थांबलास?”

हौशीरामनं मान वर केली.

“थांबायचं तवा थांबला न्हाईस,” ती म्हणाली. “आता माझ्या दारात कशाला थांबतूस? लोकांच्या पोरांची लग्नं हायेत. वाजव.”

ती तिथंच उभी राहिली. हौशीरामनं पाय उचलला, हँडल घेतलं, जनरेटरला लावलं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा इंजिन धरलं. पोरांनी गाणं सुरू केलं आणि परण्या पुढं निघाला.